माळावरचं चर्च आणि बायकांची तिजोरी

आज एका लांबच्या गावाची गोष्ट सांगते. गाव परदेशातलं आहे, पण त्यातल्या बायका तुम्हाला ओळखीच्या वाटतील.

अमेरिकेच्या मधोमध कॅन्सस नावाचं राज्य आहे. तिथं डोंगर नाहीत, दाट झाडी नाही. नजर जाईल तिथवर सपाट गवताळ माळ. त्या माळावर लिंड्सबोर्ग नावाचं छोटं गाव आहे. ते वसवलं स्वीडनहून आलेल्या शेतकऱ्यांनी. १८६७ ते १८६९ या वर्षांत स्वीडनमध्ये मोठा दुष्काळ पडला. पीक गेलं, पोटाला मिळेना. त्यात सरकारी चर्चचा कोरडेपणा नको वाटणारे बरेच भाविक लोकही होते. असे लोक बोटीनं समुद्र ओलांडून अमेरिकेला निघाले.

तिथं आधीच पोहोचलेल्या स्वीडिश माणसांनी १८६८ साली एक शेती कंपनी काढली होती. तिनं कॅन्ससमध्ये रेल्वेकडून सुमारे १३ हजार एकर जमीन घेतली. १८६९ साली ओलोफ ओल्सन हे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आपल्या लोकांना घेऊन तिथं आले. घरं बांधायला लाकूड नव्हतं. मग कुणी जमीन खणून आत राहिलं, कुणी गवतासकट मातीची ढेकळं रचून भिंती केल्या. अशा अवस्थेतही त्याच वर्षी त्यांनी बेथनी लुथरन मंडळी स्थापन केली. जवळच्या सेलम्सबोर्ग आणि फ्रीमाउंट या वस्त्यांमध्येही त्याच वर्षी मंडळ्या उभ्या राहिल्या.

पोट भरायची मारामार असताना चर्च कशाला, असं आपल्याला वाटेल. पण अनोळखी मुलखात आपली भाषा बोलणारी माणसं दर आठवड्याला भेटायची ती तिथंच. बाळाचा बाप्तिस्मा, लग्न, मयत, सगळं तिथंच. आजारी कोण, बी-बियाणं कुणाकडे नाही, हेही तिथंच कळायचं. १८७४ साली कॅन्ससवर भयंकर टोळधाड आली, उभी पिकं फस्त झाली. बेथनीचं मोठं चर्च त्याच सुमाराला उभं राहिलं.

एकत्र आलेली माणसं भांडतातही. ख्रिस्ताचं मरण देवाचा राग शांत करण्यासाठी होतं, की माणसाला देवाकडे परत आणण्यासाठी? असा वाद त्या काळी स्वीडनमध्ये पेटला आणि त्याची धग या माळावर पोहोचली. १८७० च्या दशकात लिंड्सबोर्गची मंडळी फुटली. वेगळं मत असणाऱ्यांनी आपलं मिशन चर्च काढलं. एका भाषेची, एका दुष्काळातून आलेली माणसं आता रविवारी वेगवेगळ्या दारांनी आत जाऊ लागली.

मग कार्ल स्वेन्सन हे तरुण पाळक आले. १८८१ साली त्यांनी चर्चच्याच एका खोलीत शाळा सुरू केली. तिचंच पुढं बेथनी कॉलेज झालं. त्यांची बायको आल्मा स्वेन्सन. तिनं शेतकरी आणि त्यांच्या घरच्या बायकांना जमवून हेंडेल या मोठ्या संगीतकाराचं ‘मसाया’ हे अवघड गायन शिकवलं. १८८२ साली चर्चमध्ये ते पहिल्यांदा गायलं गेलं. आजही ईस्टरच्या दिवसांत ते तिथं गायलं जातं. गावाचं नाव झालं ते या गाण्यामुळं.

आता मुख्य गोष्ट ऐका. स्वीडिश मंडळ्यांमध्ये ठिकठिकाणी बायकांची शिवणमंडळं असायची. बायका एकत्र बसून मोजे विणत, गोधड्या आणि कपडे शिवत, मग त्यांचा लिलाव करत. कॉफी आणि जेवण विकत. त्या पैशातून चर्चचे बाक, दिवे, वाद्यं यायची. पण सगळ्या मंडळ्यांची जी मोठी वार्षिक सभा भरे, तिथं प्रतिनिधी म्हणून फक्त पुरुष बसत. गंमत पाहा, १८८७ सालापासून कॅन्ससमधल्या बायकांना नगरपालिकेच्या निवडणुकीत मत होतं. म्हणजे गावच्या कारभारात त्यांचं मत चालत होतं, पण देवाच्या घरच्या या सभेत त्यांना जागा नव्हती.

१८९२ साली ही मोठी सभा लिंड्सबोर्गलाच भरली. तिथं शिकागोच्या एमी एव्हाल्ड यांच्या पुढाकारानं जवळपास ५० बायका एकत्र आल्या आणि त्यांनी आपली स्वतंत्र संस्था काढली. वर्गणी त्यांची, अध्यक्ष त्यांची, हिशेबाची वही त्यांची. एमीबाईंनी ४० वर्षांहून जास्त काळ तिचं अध्यक्षपद सांभाळलं. संस्थेनं शिक्षणासाठी आणि आजाऱ्यांसाठी पैसा उभा केला. परदेशी काम करणाऱ्या बायकांना आधार दिला. त्यातलं काही काम आपल्या देशात, आंध्रातल्या राजमहेंद्रीला झालं. कुण्या शेतकरणीच्या हातच्या मोज्यांचा पैसा गोदावरीच्या काठापर्यंत आला.

मैत्रिणींनो, या बायकांचे कष्ट १८९२ च्या आधीही होतेच. बाक त्यांच्या पैशानं आले होते, गाणं त्यांच्या गळ्यातून उमटलं होतं. बदललं एवढंच, की आता पैसा कुठं जाईल ते त्या ठरवू लागल्या आणि ते स्वतःच्या वहीत लिहू लागल्या. आज आपण त्यांची गोष्ट सांगू शकतो ती त्या लेखी नोंदींमुळं.

आपल्या गटाच्या इतिवृत्तात आपण काय लिहितो? बचत किती, कर्ज किती, हप्ता कुणाचा थकला. ते लिहायलाच हवं. पण देवळाच्या मांडवात दोनशे माणसांच्या भाकऱ्या कुणी केल्या, शाळेच्या कुंपणासाठी घरोघरी कोण फिरलं, हेही नावानिशी लिहा. पाटीवर देणगीदाराचं नाव कुणीतरी कोरून घेतोच. आपलं नाव आपल्यालाच लिहावं लागतं. पुढच्या बैठकीला वही उघडाल, तेव्हा एक पान यासाठी ठेवा.