मांडीवरचे प्रेक्षक

लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या सभामंडपात उभे राहून मान वर केली असता छताच्या काळसर पाषाणात जे प्रसंग कोरलेले दिसतात त्यांत कंसाचा वध आहे, लवणासुराचा वध आहे, आणि हिरण्यकशिपूला मांडीवर आडवा घेऊन नखांनी त्याचे उदर विदारणारा नृसिंहही आहे. यादवकाळाच्या आगेमागे हे शिल्प घडले तेव्हापासून या मुलुखातल्या कित्येक पिढ्यांच्या मुलांनी आईबापांच्या खांद्यावर बसून तो वध डोळे भरून पाहिला. आजही मंदिर दाखवणारा माणूस विजेरीचा झोत त्या शिल्पावर नेमका स्थिर करतो आणि एखादी माता आपल्या चार वर्षांच्या मुलाची हनुवटी वर उचलून त्याला तो प्रसंग आवर्जून दाखवते. तोच नृसिंह २५ जुलै २०२५ रोजी, श्रावणाच्या पहिल्या दिवशी, 'महावतार नरसिम्हा' या ॲनिमेशनपटाच्या रूपाने पडद्यावर आला तेव्हा मात्र हे मुलाला सोसेल काय, असा प्रश्न घरोघर पडला. छतावरच्या वधाविषयी जो प्रश्न कोणाला सुचत नाही तो पडद्यावरच्या वधाविषयी का सुचावा, हे शोधू लागले म्हणजे वडीलधाऱ्यांच्या हातून सुटलेल्या आणि फिरून त्यांच्याच हाती आलेल्या एका अधिकाराचा इतिहास उलगडत जातो.

प्रथम लोणारचीच कथा घ्यावी. लवणासुर, ज्याला लोक लोणासुर म्हणतात, तो जमिनीखालच्या विवरात राहून भोवतालच्या प्रदेशाला छळीत होता. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेऊन त्याच्या दोन बहिणींना मोहित केले, त्यांच्याकडून भावाचा ठावठिकाणा काढून घेतला, पायाच्या अंगठ्याने विवरावरचे झाकण उडवले, आणि निजलेल्या दैत्याला गाठून त्याचा अंत केला. सरोवराचे पाणी हे त्याचे रक्त, त्यातला क्षार हे त्याचे कुजलेले मांस, आणि ढाकेफळजवळची टेकडी हे ते उडालेले झाकण, असा सगळा तपशील इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरकारांनीही टिपून ठेवला आहे. आता ही कथा नातवंडांना सांगताना घरची म्हातारी काय राखते आणि काय गाळते ते पाहण्यासारखे आहे. रक्त ती गाळत नाही. उलट, सरोवराचे पाणी एवढे खारट का, याचे उत्तर रक्तमांसावाचून देताच येत नसल्यामुळे ते ती चवीने सांगते. माझ्या कानांवर आलेल्या कथनांतून गळतात त्या दोन बहिणी. देव आला, त्याला बिळाचा पत्ता लागला, एवढ्यावर भागवले जाते. पत्ता कोणी दिला आणि कशाच्या बदल्यात दिला, हा मजकूर मुले मोठी होईपर्यंत राखून ठेवला जातो. दैत्याचे रक्त मुलांना चालते, तरुणाची मोहिनी चालत नाही, हा जो घरगुती दंडक, तो पुढे सरकारी तपासनिसांनीही अर्धे शतक जवळजवळ तसाच पाळलेला आपल्याला दिसेल.

शिवाय म्हातारीच्या हाती आणखी एक साधन होते, ते म्हणजे गती. मूल जवळ सरकू लागले की दैत्याची आरोळी बारीक होई, ते हसू लागले की वाढे, आणि डोळे मिटले की दैत्य त्या रात्रीपुरता जिवंतच राही. मेहकरला नृसिंहाचे देऊळ आहे. वैशाखात नृसिंहजयंतीच्या कीर्तनात खांब दुभंगण्याचा प्रसंग जवळ आला म्हणजे अनुभवी कीर्तनकार समोरच्या रांगेतल्या पोरांकडे एकवार पाहून घेतो, आणि त्या ओझरत्या नजरेत जे परिनिरीक्षण होते त्याची बरोबरी पुढच्या कोणत्याही मंडळाला साधलेली नाही, असे माझे प्रांजळ मत आहे.

सिनेमा आला तेव्हा कायद्याच्या दृष्टीने हा मुलूख मोठा विलक्षण होता. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, १९०२ च्या करारान्वये ते कायमच्या पट्ट्याने दिले, आणि १९०३ मध्ये ते मध्यप्रांतास जोडले गेले. मालकी हैदराबादची आणि अंमल नागपूरचा. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातले एक 'सरकार' म्हणून मिरवणारे मेहकर आता केवळ तालुक्याचे कसब्याचे गाव उरले होते. १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा अमलात येऊन १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे तपासणीची मंडळे बसली. नागपूरच्या वाट्याला मंडळ आले नाही. तेव्हा खामगाव-मलकापुरास लागणाऱ्या चित्रपटाचा निवाडा परस्पर मुंबईत किंवा कलकत्त्यात होई, आणि त्या निवाड्यात मुलांचे वय हा मुद्दाच नसे. दाखला एकाच प्रकारचा: सार्वजनिक प्रदर्शनास योग्य. राज्यकर्त्यांना धास्ती होती ती राजद्रोहाची आणि परदेशी चित्रपटांतून गोऱ्या समाजाची जी शोभा एतद्देशीयांपुढे होई तिची. वऱ्हाडातले सहा वर्षांचे पोर रात्री दचकून उठते की काय, ही चिंता त्यांनी करावी अशी अपेक्षाही नव्हती.

दचकण्याजोगे मात्र पुष्कळ होते. दादासाहेब फाळक्यांच्या १९१८ सालच्या 'श्रीकृष्णजन्म' चित्रपटात भयग्रस्त कंसाला आपले मस्तक धडावेगळे होऊन वर जाताना दिसते. ही युक्ती त्या काळच्या प्रेक्षकाला, मग तो कोणत्याही वयाचा असो, केवढी अंगावर आली असेल! आणि पुढल्याच वर्षीच्या 'कालियामर्दन'मध्ये नागाच्या फणीवर नाचणारा कृष्ण म्हणजे खुद्द फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. ज्याने भयाचे दृश्य घडवले त्यानेच त्या दृश्यात आपले मूल उभे केले, हे ध्यानात घेतले असता त्या पिढीच्या वडिलांची मुलांच्या भीतीविषयीची धारणा आपल्याहून किती निराळी होती ते कळते. याच गृहस्थाने १९१५ च्या सुमारास आगकाड्या एकेक करून हलवीत 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा चित्रपट केला होता. तो आज उपलब्ध नाही, परंतु या देशात निर्जीव वस्तूंना पडद्यावर चालवण्याच्या विद्येचा आरंभ तेथून धरतात, आणि त्या आरंभात भीतीचा लवलेशही नसावा असे नावावरून वाटते.

बुलढाणा जिल्ह्यात सिनेमा शिरला तो मुख्यत्वे घाटाखालून. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही गावे मुंबई-नागपूर लोहमार्गावरची. जलंबहून खामगावला जाणारा फाटा १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या उपस्थितीत सुरू झाला तो तिथल्या कापसाच्या प्रचंड बाजारासाठी. कापसाच्या गाठी नेणाऱ्या या रुळांनी पुढे रिळांचे डबे आणले. घाटावरचे चिखली, मेहकर, देऊळगाव राजा यांच्या नशिबी रेल्वे नव्हती, तेव्हा तिकडच्या खेड्यापाड्यांना सिनेमा भेटला तो पुष्कळदा जत्रेत, तंबूच्या कनातीआड. महाराष्ट्राच्या जत्राजत्रांतून फिरलेल्या या तंबू सिनेमांची रीत सगळीकडे सारखीच: भोंगा, खाली जमीन, एका बाजूस पुरुष, दुसऱ्या बाजूस बायका, आणि मांडीवरच्या मुलाला तिकीट नाही. या शेवटच्या सवलतीने मुलाने काय पाहावे या प्रश्नाचा निकाल आपोआप लागला. कारण मूल घरी कोणाजवळ ठेवावे ही अडचण ज्या बाईपुढे होती तिला चित्रपट मुलाजोगा आहे की नाही याचा विचार करण्याची चैन परवडणारी नव्हती. ती चित्रपट निवडी, मूल बरोबर येई, आणि भीतीचा प्रसंग आला की पदर त्याच्या तोंडावर ओढला जाई.

घरात वाद होत नसत असे नव्हे. पण ते वाद निराळ्या गोष्टीवरून होत. थेटरात कोण बसते, रात्रीच्या खेळाहून परत येताना सोबत कोणाची, पैसे किती उडाले, अभ्यासाचे काय झाले, आणि चित्रपट देवाचा की 'तसला', एवढ्या प्रश्नांत सगळा मामला आटोपे. देवाचा असेल तर आजी स्वतः निघे, आणि आजी निघाली म्हणजे परवानगी मागण्याचा सवालच उरत नसे.

सरकारचे लक्ष मुलांकडे वळले ते सावकाश. १९२७-२८ मध्ये दिवाणबहादूर रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशभर हिंडून साडेतीनशेहून अधिक साक्षी नोंदवल्या. तिचे निष्कर्ष बहुतांशी दप्तरी पडले. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दुरुस्तीने प्रथमच दाखल्याचे दोन प्रकार झाले, सर्वांसाठी 'यू' आणि अठरा वर्षे पुरी झालेल्यांसाठी 'ए'. १९५२ च्या कायद्याने हीच विभागणी कायम केली. म्हणजे कायद्याला दिसलेले पहिले मूल सतरा वर्षांचे होते! त्याच्याहून लहान ती सारी मुले एकाच गठ्ठ्यात, आणि पौराणिक चित्रपटातले दैत्य खुशाल त्या गठ्ठ्यापुढे मरत राहिले. कात्री चाले ती चुंबनावर. म्हातारीने बहिणी गाळाव्या आणि रक्त राखावे, तोच हा न्याय. मुलांसाठी म्हणून वेगळे काही करावे ही जाणीव याच दशकात आली: १९५३ चा अत्र्यांचा 'श्यामची आई' मुलांना दाखवणे हे पालकांना कर्तव्य वाटले, १९५५ मध्ये बालचित्रपट समिती स्थापन झाली, आणि फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात राम मोहन यांच्यासारखे कलावंत तयार होऊ लागले.

येथे एक आडवळणाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५६ मध्ये वऱ्हाड मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, 'सी.पी. अँड बेरार' हा प्रांत नकाशावरून पुसला गेला. परंतु चित्रपट-वितरणाच्या धंद्यात 'सी.पी. बेरार' हा विभाग आजतागायत नांदतो आहे, आणि त्या व्यापाऱ्यांच्या मध्यवर्ती संघटनेचे ठाणे आमच्या मलकापूरशेजारच्या भुसावळात आहे. राज्यकर्ते गेले, तहनामे जीर्ण झाले, तरी बुलढाण्याच्या मुलाने कोणता चित्रपट केव्हा पाहावा हे पुष्कळ अंशी या मेलेल्या प्रांताच्या हद्दीवरून ठरत आले.

१ जून १९८३ पासून 'यूए' हा तिसरा दाखला आला: बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या विचाराने पाहावा. दुर्दैव असे, की कायद्याची दृष्टी अठरावरून बारावर उतरली त्याच सुमारास दाखला दाखवायचे स्थळच नाहीसे होऊ लागले. गल्लीत वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणावयाचा आणि एका रात्रीत तीन चित्रपट पाहावयाचे, या रिवाजात 'यू' कोणता आणि 'ए' कोणता हे कॅसेटवाल्यालाही सांगता येत नसे. पहिला देवाचा लावीत, मुलांसाठी. ती झोपली की दुसरा. झोपली नाहीत तरी दुसरा लागेच. पुढे २००५ मध्ये व्ही. जी. सामंत यांचा 'हनुमान' आला आणि देशी ॲनिमेशनपटाला थेटरात कुटुंबेच्या कुटुंबे येऊ शकतात हे सिद्ध झाले. तो गोड, गुबगुबीत हनुमान पाहून आलेल्या पालकांचा असा ग्रह झाला, की चितारलेला चित्रपट म्हणजे बिनधोक चित्रपट. २४ जानेवारी २०२५ रोजी थेटरांतून झळकलेल्या, मूळ १९९० च्या दशकारंभीच्या, युगो साको व राम मोहन यांच्या भारत-जपानी 'रामायण'पटाने हा ग्रह बळकटच केला, कारण त्यातल्या युद्धालाही एक प्रकारची मृदुता आहे. सहा महिन्यांनी 'महावतार नरसिम्हा' आला आणि त्या ग्रहाला तडा गेला. नखे, उदर, अंधार, सगळे तेच जे छतावर आहे. पण दगड गप्प असतो, आणि मुलाला नको झाले की ते मान खाली घालू शकते. पडद्यावरच्या वधाला ध्वनी आहे, आणि कान मिटता येत नाहीत. म्हणून कथेची चिकित्सा करणाऱ्या पालकांना माझे सांगणे इतकेच, की कथा तुमच्या आजीनेही सांगितली होती. तुम्ही आवाज आणि वेग तोलून पाहा. पदराने आवाज अडत नाही.

२०२३ च्या दुरुस्तीने 'यूए'चे तीन भाग पडले आहेत: सात वर्षांपुढे, तेरापुढे, सोळापुढे. अठरा, बारा, सात, अशा पायऱ्या उतरत कायदा जवळजवळ पाऊणशे वर्षांनी मांडीवरच्या प्रेक्षकाच्या आसपास येऊन पोहोचला, आणि पोहोचताच त्याने काय केले, तर त्या खुणेची अंमलबजावणी पालकांखेरीज अन्य कोणालाही करता येणार नाही असे लिहून ठेवले. डोअरकीपरला वयाचा दाखला मागण्याचा अधिकार नाही, पोलिसाला नाही, मंडळालाही नाही. १९२० मध्ये मुंबई-कलकत्त्यास गेलेला निवाडा रीतसर घरी परत आला आहे.

घरी मात्र आता आजी गावी आणि नातू शहरात, अशी स्थिती असल्यामुळे निवाडा करण्यास बापच बसतो, आणि तो इतरांना फोन करून विचारतो, की शेवट फार भयंकर आहे काय, तुमचा पोरगा रडला काय, पाच वर्षांच्या मुलाला थ्रीडीचा चष्मा बसतो काय. काहीजण आधी एकटे पाहून येतात. ही मला उत्तम रीत वाटते, फक्त तीत तिकिटाचे पैसे दोनदा जातात. खेड्यावरच्या घरांत हिशेब अजून जुन्याच वळणाचा आहे. श्रावणात सोयाबीनची फवारणी आणि कपाशीची निंदणी ऐन भरात, मजूर मिळत नाहीत, त्यातून एक दिवस काढून तालुक्याला जावयाचे तर सहा ते नऊचा खेळ धरून उपयोग नाही, कारण मुक्कामाची एसटी तोवर निघून जाते. तेव्हा लहान्याला न्यावे की नाही हे ठरण्याआधी तीन ते सहाचा खेळ आहे की नाही हे विचारले जाते, आणि तो असला तर लहानाही येतो.