सोव्हिएत संघाचा उदयास्त : महाड–पोलादपूर परिसरातील पडसाद

सोव्हिएत संघ : (३० डिसेंबर १९२२ – २६ डिसेंबर १९९१). जगातील पहिले साम्यवादी राज्य. संघप्रजासत्ताके १५, क्षेत्रफळ सु. २.२४ कोटी चौ. किमी.; लोकसंख्या सु. २८.६७ कोटी (१९८९). राजधानी मॉस्को. प्रस्तुत नोंदीत संघाचा उदयास्त थोडक्यात दिला असून महाड व पोलादपूर तालुक्यांतील माणसांशी त्याचा जो संबंध आला त्यावर भर दिला आहे.

७ नोव्हेंबर १९१७ रोजी (जुन्या रशियन पंचांगानुसार २५ ऑक्टोबर) लेनिनच्या नेतृत्वाखाली बोल्शेविकांनी पेत्रोग्राडमध्ये सत्ता घेतली. यादवी युद्धानंतर संघाची स्थापना झाली. १९२४ मध्ये लेनिनचा मृत्यू झाला आणि स्टालिनकडे सूत्रे गेली. १९२८ पासून पंचवार्षिक योजना व सक्तीची सामुदायिक शेती सुरू झाली. १९३२–३३ च्या दुष्काळात किती माणसे दगावली यावर एकमत नाही. संख्या लाखांत होती, याबद्दल वाद नाही. दुसऱ्या महायुद्धात संघाची मनुष्यहानी सु. २.७ कोटी मानली जाते.

कोकणात रशियन क्रांतीची वार्ता मुंबईच्या गिरण्यांतून पोचली. महाड, पोलादपूर, खेड, दापोलीकडचा चाकरमानी गिरणगावात गावकीच्या खोलीत पथारी टाकी, खानावळीत जेवी आणि घरी मनीऑर्डर धाडी. पुढे कम्युनिस्ट नेते झालेले श्रीपाद अमृत डांगे यांचे ‘गांधी विरुद्ध लेनिन’ (१९२१) हे पुस्तक इंग्रजीत होते. ते या माणसांनी वाचण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना लेनिन ठाऊक झाला तो १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात, गिरणी कामगार युनियनच्या लाल बावट्याखाली. मार्च १९२९ मध्ये डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर प्रभृतींना मीरत कटाच्या खटल्यात पकडण्यात आले. त्यामुळे रशियाचे नाव चाळीचाळींत गेले.

या परिसराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे नाव रामचंद्र बाबाजी मोरे (१९०३–७२) यांचे. महाडजवळचे दासगाव हे त्यांचे गाव. शिष्यवृत्ती मिळूनही महाडच्या इंग्रजी शाळेने अस्पृश्य म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी तक्रार वर्तमानपत्रात छापून आणली, तेव्हा प्रवेश मिळाला. बसायला जागा मात्र वेगळी. पुढे महाडमध्ये त्यांनी अस्पृश्यांसाठी चहाचे दुकान चालवले. बाजाराला आलेला माणूस तेथे टेके, अर्ज लिहून घेई, चार गोष्टी ऐकून जाई. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता. महाडमध्ये परिषद भरावी म्हणून मोरे यांनी डॉ. आंबेडकरांना गळ घातली. १९–२० मार्च १९२७ च्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेची बांधणी करणाऱ्यांत अनंतराव चित्रे व सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्याबरोबर ते होते. या परिषदेतून उभ्या राहिलेल्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा हा संघटक १९३० मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेला. आंबेडकरांवरची निष्ठा त्यांनी सोडली नाही. आंबेडकरी व कम्युनिस्ट अशा दोन्ही बाजूंच्या इतिहासकारांनी त्यांना पुष्कळ काळ ओझरते स्थान दिले, हा अन्याय आहे.

ते पक्षात का गेले, आणि तेथे कशाशी झगडले, हे गिरणीतल्या एका रिवाजावरून कळते. साचेखात्यात (विणकाम विभागात) धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. सुताला थुंकी लागते, विटाळ होतो, या सबबीवर स्पृश्य कामगार अस्पृश्यांना साच्यावर उभे राहू देत नसत. साचेखात्यात मजुरी जास्त, म्हणून विटाळाचा फटका थेट पगाराला बसे. १९२८ च्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न नेत्यांपुढे ठेवला. युनियनने तो नेटाने लढवला नाही. वर्ग एक झाला की जात गळून पडेल, हे मॉस्कोहून आलेले उत्तर या भोकाशी अडत होते. मोरे यांनी १९५३ मध्ये अस्पृश्यता व जातिव्यवस्थेवर टिपण लिहून पक्षनेतृत्वाला धाडले आणि पुढेही विषय लावून धरला. कम्युनिस्ट पक्षाच्या १९६४ च्या फुटीनंतर ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात राहिले. १९६५ मध्ये त्यांनी ‘जीवनमार्ग’ साप्ताहिक सुरू केले.

आंबेडकर आणि कम्युनिस्ट यांचे संबंध ताणाचे, तरी सर्वस्वी तुटलेले नव्हते. खोतीविरुद्ध (कोकणातील जमीनदारी पद्धतीविरुद्ध) १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील कुळांचा मुंबईत मोर्चा निघाला, त्यात दोघे होते. औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धचा संयुक्त संप ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, म्हणजे रशियन क्रांतीच्या वर्धापनदिनी झाला. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या भाषणात आंबेडकरांनी मार्क्सचे ध्येय व रशियातील बळाचा मार्ग यांत फरक करून बुद्धाचा मार्ग श्रेष्ठ ठरवला.

शेतकरी कामगार पक्षाने दाभाडी प्रबंधाने (१९५०) मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. पण त्याचे बळ महाड–पोलादपूरपेक्षा अलिबाग, पेण, पनवेलकडे राहिले.

पोलादपूर हा डोंगराळ तालुका मुख्यतः गिरणीच्या पगारावर पोसलेला होता.

साहित्य : अण्णा भाऊ साठे यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा युद्धकाळातला, ‘माझा रशियाचा प्रवास’ १९६१ च्या दौऱ्यावरचे. मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तके गुळगुळीत कागदाची आणि स्वस्त असल्याने शिक्षकांच्या घरी व शाळांतही पोचत.

अस्त : फेब्रुवारी १९५६ मध्ये ख्रुश्चेव्हने स्टालिनचे अत्याचार पक्षासमोर मांडले. गोर्बाचेव्ह मार्च १९८५ मध्ये आले. १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अणुभट्टी अपघात झाला. ऑगस्ट १९९१ चा बंडाचा प्रयत्न फसला. २५ डिसेंबरला गोर्बाचेव्हने राजीनामा दिला. डांगे त्याच वर्षी २२ मे रोजी वारले. जानेवारी १९९२ मध्ये मार्क्सवादी पक्षाने मद्रासच्या अधिवेशनात या घटनांची चिकित्सा केली. महाड–पोलादपूरला मात्र खरा हादरा आधीच बसला होता. लालबाग-परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा १९७० मध्ये खून झाला आणि त्यांची जागा शिवसेनेने जिंकली. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सु. अडीच लाख कामगार होते. अनेक गिरण्या पुन्हा धडपणे उभ्या राहिल्या नाहीत. मनीऑर्डरी थांबल्या, माणसे गावी परतली, आणि लाल बावटा ज्या खोल्यांतून गावाकडे येई त्या खोल्याच ओस पडल्या.

मोरे यांचे आत्मकथन संघाच्या अस्तानंतर प्रकाशित झाले. इंग्रजी अनुवाद २०१९ चा. आत्मकथन महाडच्या सत्याग्रहाच्या काळापाशी थांबते. पक्षात काढलेल्या चार दशकांची माहिती मुलाने, सत्येंद्र मोरे यांनी, लिहिलेल्या चरित्रातून मिळते.