आगगाडीची आठवण

सूर ते संगीत आणि बाकी सारा गोंगाट, ही वाटणी आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलो. ती मोडण्याच्या कामी एका आगगाडीचा हात फार मोठा आहे, हे सांगितले तर वाचकांना गंमत वाटेल.

१९४८ साली पियेर शेफर नावाचा फ्रेंच नभोवाणीतला एक इंजिनिअर पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर ध्वनिमुद्रणाचे सामान घेऊन गेला. वाफेच्या इंजिनांचे सुस्कारे, शिट्ट्या, रुळांवरची खडखड त्याने तबकड्यांवर टिपून घेतली. घरच्या ग्रामोफोनची सुई अडकली की एकच शब्द पुन्हापुन्हा वाजे, तो प्रकार आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल. शेफरने तबकडीची खाच मुद्दामच तशी बंद करून घेतली आणि त्या आवर्तनांतून जेमतेम तीन मिनिटांची एक रचना बांधली. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी ‘गोंगाटाची मैफल’ म्हणून ती नभोवाणीवर ऐकवली गेली. या नव्या संगीताला त्याने नाव दिले ‘मूर्त संगीत’.

पुढे शेफरने श्रोत्यापुढे एक अवघड अट ठेवली. आवाज कशाचा, हे विसरा आणि नुसता त्याचा पोत ऐका! विचार मोठा खरा. पण मी ती रचना ऐकतो तेव्हा गाडी काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही. कान आणि आठवण यांची गाठ इतकी सहज सुटत नाही. ती तशीच राहू देऊन पुढच्या काही संगीतकारांनी आपले काम केले.

डेलिया डर्बीशायर ही इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीची, जन्म १९३७ चा. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी ते शहर भाजून काढले. हवाई हल्ल्याचे भोंगे या चिमुरडीच्या कानांवर पडले. पुढे बी.बी.सी.च्या ध्वनिशाळेत ध्वनिफिती कापून-जोडून तिने अद्‌भुत संगीत घडविले आणि त्या आवडीचे मूळ त्या भोंग्यांत आहे, असे तीच सांगत असे. माझ्यासारख्या गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे चटकन पटते. आमच्या भोंग्याने चुली पेटत. १९८२ च्या संपानंतर ते भोंगे एकेक करून मुके झाले. पण तसा आवाज कुठे ऐकला की मला अजून डबा घेऊन निघालेले वडील दिसतात. तिच्या भोंग्यात मरण होते, आमच्या भोंग्यात भाकरी.

या साऱ्याचा कळस मला स्टीव्ह राइशच्या १९८८ सालच्या ‘डिफरन्ट ट्रेन्स’ या रचनेत दिसतो. राइशचे आईवडील विभक्त झालेले. एक लॉस एंजेलिसला, दुसरा न्यूयॉर्कला. १९३९ ते १९४२ या काळात हे पोर सांभाळणाऱ्या बाईंबरोबर आगगाडीने अमेरिका आरपार ओलांडीत असे. त्याला त्या प्रवासाची मोठी मौज वाटे. मोठेपणी त्याच्या मनात आले, आपण ज्यू. याच वर्षांत युरोपात असतो तर? तिथल्या गाड्या ज्यूंना छळछावण्यांकडे नेत होत्या.

मग त्याने सत्तरी ओलांडलेल्या आपल्या त्या बाईंना गाठले, ऐंशीच्या घरातल्या एका निवृत्त रेल्वे-सेवकाला बोलते केले. छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत आलेल्यांची ध्वनिमुद्रणे मिळविली. त्या काळातल्या दोन्ही खंडांतल्या गाड्यांचे आवाज जमविले. माणूस बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्यालाही चढउतार असतो. तोच चढउतार राइशने तंतुवाद्यांच्या हाती दिला. बाईंचे वाक्य व्हायोला उचलते, पुरुषांचे चेलो. पहिल्या भागात अमेरिकेची गाडी, दुसऱ्यात युरोपची, तिसऱ्यात युद्धानंतरची. चाकांची लय तीच आणि डब्यांत बसलेल्या मुलांची नशिबे किती वेगळी!

शेफर गाडीला विसरायला सांगत होता. राइशला ती विसरायचीच नव्हती. आणि त्या वृद्धांचे आवाज वेळेवर टिपले गेले, म्हणूनच ती रचना उभी राहिली.

शेफरला लागले तेवढे सामान आता आपल्या प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये मावते. दिवाळीला घर भरले आहे. फराळ झाला की आजीला तिच्या पहिल्या आगगाडीची गोष्ट विचारावी आणि फोन हळूच तिच्याजवळ ठेवावा. संगीत त्यातून होवो न होवो, तिचा सूर तरी घरात राहील.