जुन्या ट्रॅक्टरांतील आट्यांची दुरुस्ती

वापराने झिजलेले, गंजाने खाल्लेले किंवा चुकीच्या बोल्टने खरडले गेलेले आटे पुन्हा भार पेलण्याजोगे करण्याचे आणि त्याच ओघात सैल झालेल्या पिना व बुश मापात आणण्याचे कारागिरी तंत्र. बोल्टचे आटे गेले तर बोल्ट बदलतात. त्यात दुरुस्तीसारखे काही नाही. खरा प्रश्न बिडाच्या ओतकामातल्या छिद्राचा असतो. ब्लॉक, क्लच हाउसिंग, गिअरपेटी किंवा मागच्या आसाचे घर यांतील एका छिद्राचे आटे गेले म्हणून ते सारे ओतकाम टाकून देता येत नाही, आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या ट्रॅक्टरचे तसे ओतकाम नवे मिळणेही कठीण.

अनेक शेती ट्रॅक्टरांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरपेटी आणि मागचा आस एकमेकांना बोल्टने जखडले की तोच सांगाडा होतो. नांगराची ओढ, भरलेल्या ट्रॉलीचे वजन, उसाच्या फडातून बाहेर पडतानाचे हिसके हे सगळे या सांध्यांवर येते. एक बोल्ट सैल झाला की त्याचा भार शेजारच्यावर जातो, सांधा बारीक हलू लागतो आणि हलणाऱ्या सांध्यातले आटे कानशीने घासल्यासारखे झिजतात. सांध्याच्या कडेला तेलात मिसळलेली तांबूस किंवा काळपट पूड दिसली, तर ती या झिजेची पहिली खूण समजावी. पूड पुसून बोल्ट आवळून काम भागवण्याचा मोह होतो. आतले आटे आधीच अर्धे गेलेले असतील, तर त्या आवळण्यानेच उरलेले निघून येतात.

मापांचा गोंधळ : जुन्या ट्रॅक्टरांतले बरेचसे आटे झिजून जात नाहीत, भलत्याच मापाचा बोल्ट बसवल्याने जातात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या ब्रिटिश पद्धतीत आट्याच्या खाचेचा कोन ५५° असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी युनिफाइड पद्धत मान्य केली; तिचा कोन ६०°, माप मात्र इंचातच. मेट्रिक आट्यांचा कोनही ६०° आहे, पण त्यांचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात. भारतात या पद्धती एकाच गावात नांदल्या. मुंबईत कांदिवलीला तयार झालेला इंटरनॅशनल बी-२७५ आणि चेन्नईच्या टॅफेचे मॅसी फर्ग्युसन यांच्या रचना मूळ ब्रिटिश, म्हणून त्यांचे आटे इंची. पिंजोरच्या एचएमटी कारखान्यात बनलेला झेटर २५११ चेकोस्लोव्हाकियातून आलेला, म्हणून मेट्रिक. वजनमापांचा दशमान कायदा १९५६ चा असला, तरी हार्डवेअरच्या दुकानात आजही सूत चालते. एका इंचाचे आठ सूत, म्हणून अर्धा इंची बोल्ट ‘चार सुती’ आणि ५/१६ इंची ‘अडीच सुती’.

फसगत पान्यापासूनच सुरू होते. चार सुती युनिफाइड बोल्टचे डोके पाऊण इंचाचे, म्हणजे १९.०५ मिमी. बाजारात मिळणाऱ्या १२ मिमी बोल्टचे डोकेही बहुधा १९ मिमीचे. एकच पाना दोन्हींना बसतो, म्हणून बोल्टही एकच असे वाटते. प्रत्यक्षात चार सुती बोल्ट १२.७ मिमी जाडीचा, त्याच्या जाड आट्यांची संख्या इंचाला १३. १२ मिमी बोल्टचे दोन आट्यांतले अंतर १.७५ मिमी, म्हणजे इंचाला सुमारे साडेचौदा. असा बोल्ट इंची छिद्रात सैलपणे उतरतो, आट्यांच्या टोकांवरच धरतो आणि आवळल्यासारखा वाटतो. पहिल्या मोठ्या हिसक्याला तो छिद्राचे आटे सोबत घेऊन बाहेर येतो. अडीच सुतीच्या छिद्रात ८ मिमी बोल्ट याच्या उलट वागतो. दोन-तीन फेरे सहज जातो आणि मग अडतो. तिथे लांब पाना लावून जोर केला की छिद्र कायमचे बिघडते. साडेतीन सुतीला (११.११ मिमी) जवळचे मेट्रिक माप बाजारात जवळजवळ मिळतच नाही, म्हणून तिथे कोणीतरी कधीतरी १० मिमी बोल्टवर दोरा गुंडाळून बसवलेला सापडतो. व्हिटवर्थ आणि युनिफाइड यांतला फरक त्याहून बारीक आहे. तीन सुती मापात दोन्हींचे जाड आटे इंचाला १६ आहेत, फक्त कोन वेगळा, त्यामुळे ते एकमेकांत जातात. चार सुतीत मात्र व्हिटवर्थ १२ आणि युनिफाइड १३, तिथे ते जमत नाहीत.

म्हणून छिद्राला हात लावण्यापूर्वी त्याचे मूळ माप ठरवणे हाच दुरुस्तीचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. पिच गेजची पाती आट्यांत टेकवून पाहतात. गेज नसेल तर खात्रीचा बोल्ट संशयित बोल्टला आडवा चिकटवून उजेडासमोर धरतात. दोघांचे आटे पूर्ण लांबीभर एकमेकांत बसले आणि मधून उजेड आला नाही, तर माप जुळले. ही तपासणी त्याच सांध्यातल्या, कधीही न उघडलेल्या बोल्टवरून करावी. बदललेला बोल्ट साक्षीला धरू नये.

छिद्राची दुरुस्ती : आटे फक्त मळलेले किंवा थोडे वाकलेले असतील, तर मूळ मापाचा टॅप फिरवून ते साफ होतात. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा चालवतात म्हणजे कीस तुटत जातो. बीड कोरडेच किंवा रॉकेलवर कापतात, पोलादाला कटिंग ऑइल लागते. तळ बंद असलेल्या छिद्रात तेल किंवा पाणी राहू देऊ नये. बोल्ट आवळताना ते दबते, त्याला बाहेर पडायला वाट नसते आणि त्या दाबाने बिडाला तडा जातो. ब्लॉक असा फुटलेला पाहिला की किती छोट्या हयगयीची ती किंमत आहे हे कळते आणि मन हळहळते.

आटे पूर्ण गेले असतील तर तीन वाटा आहेत. गावच्या लेथवाल्याची जुनी रीत बुशची: छिद्र मोठे करून त्यात बाहेरून व आतून आटे पाडलेले पोलादी बुश बसवायचे आणि बुश व बीड यांच्या सांध्यावर बारीक पिन ठोकून ते फिरू नये असे करायचे. दुसरी वाट पायरीच्या स्टडची. त्याचे बिडात जाणारे टोक जाड, बाहेरचे टोक मूळ मापाचे, त्यामुळे समोरच्या भागाची छिद्रे बदलावी लागत नाहीत. तिसरी वाट तारेच्या गुंडाळीची, कारागीर तिला हेलिकॉइल म्हणतात. पत्त्यांतल्या चौकटसारख्या काटछेदाची स्टेनलेस स्टीलची ही तार खास टॅपने पाडलेल्या आट्यांत गुंफून बसवतात. चार सुती जाड आट्याच्या गुंडाळीसाठी १७/३२ इंच, म्हणजे सुमारे १३.५ मिमी ड्रिल लागते. गुंडाळी पृष्ठभागाच्या किंचित खाली राहिली पाहिजे आणि तिचे शेपूट मोडून बाहेर काढले पाहिजे. नीट बसवलेली गुंडाळी बिडातल्या मूळ आट्यांपेक्षा कमी पडत नाही. वारंवार उघडाव्या लागणाऱ्या जागी ती अधिक टिकते. स्टडला बिडामध्ये त्याच्या व्यासाच्या सुमारे दीडपट पकड मिळावी. त्याहून खोल गेल्याने फार फायदा नाही, कारण भाराचा मोठा वाटा पहिले दोन-तीन आटेच उचलतात. छिद्रात वेल्डिंग भरून पुन्हा टॅप मारणे बिडात टाळावे: वेल्डजवळचे बीड काचेसारखे कडक होते, तिथे टॅप तुटतो, आणि ओतकाम भराभर थंड झाले तर चिरते.

तुटलेला स्टड : एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड उष्णता आणि गंज यांमुळे सर्वाधिक तुटतात. वर टोक उरले असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करतात; वेल्डच्या उष्णतेने गंजाची पकड सुटते आणि नटासकट स्टड फिरून येतो. टोक आत असेल तर बरोबर मध्यबिंदूवर पंच मारून डाव्या फिरकीच्या ड्रिलने छिद्र पाडतात. कित्येकदा ड्रिलच त्याला सोडवते. न सुटल्यास त्या छिद्रात एक्स्ट्रॅक्टर घालून स्टड फिरवून काढतात. एक्स्ट्रॅक्टर आत तुटला तर काम अनेकपट अवघड होते, कारण त्याच्या कडक पोलादाला साधे ड्रिल सहज कापत नाही.

पिना व बुश : पुढच्या आसाची सेंटर पिन, किंगपिन आणि लिंकांचे गोळे यांच्या झिजेत हेच तत्त्व चालते: झीज बदलता येणाऱ्या भागावर घ्यायची. पिनेचे छिद्र लंबगोल झाले की ते बोअर करून बुश बसवतात, नंतर रीमर फिरवून मापात आणतात. नुसती जाड पिन ठोकली तर पुढच्या वेळी ओतकामच कापावे लागते. श्रेणी-१ च्या तीन-बिंदू जोडणीत खालच्या लिंकांची पिन २२ मिमी आणि टॉप लिंकची १९ मिमी. टॉप लिंकच्या एका टोकाला उजवे आणि दुसऱ्याला डावे आटे असतात, हे विसरून जोर लावणाऱ्यांमुळे ती बरीच बिघडते.

मर्यादा : स्टिअरिंगचे सांधे, टाय रॉडची टोके आणि ब्रेकचे बोल्ट दुरुस्त करू नयेत, बदलावेत. मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा शिक्का असतो. इंची बोल्टवर केंद्राच्या दिशेने रोखलेल्या तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. खूण नसलेला बोल्ट चाकाला किंवा इंजिनच्या सांध्याला लावू नये. उलट रोटाव्हेटरच्या शिअर बोल्टच्या जागी मजबूत बोल्ट लावणेही घातक, कारण तो तुटण्यासाठीच तिथे असतो. दुरुस्ती झाल्यावर काही तास काम करून बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासतात. बदललेल्या छिद्राशेजारी पंचने नव्या मापाचा आकडा उठवून ठेवावा, म्हणजे दहा वर्षांनी मृगाच्या तोंडावर घाईत तो सांधा उघडणाऱ्या मेकॅनिकला कोणता बोल्ट आणायचा ते कळेल.