कांकरिया तलाव
कांकरिया तलाव : गुजरातमधील अहमदाबाद शहराच्या दक्षिण भागातील कृत्रिम तलाव व त्याभोवतालचे उद्यान. (→ अहमदाबाद). सुलतान कुत्बुद्दीन अहमदशाहच्या काळात 1451 मध्ये तो पूर्ण झाला; मूळ नाव हौज-ए-कुत्ब (→ गुजरातची सल्तनत). काठ 34 बाजूंचा, दगडी पायऱ्यांचा असून पाणी आत घेणारे कोरीव द्वार स्थापत्याचा उत्कृष्ट नमुना आहे. तलावाच्या मध्यावरील नगीनावाडी या बेटावर पुलावरून जाता येते. रूबेन डेव्हिड यांनी 1951 मध्ये येथे प्राणिसंग्रहालय उभारले. 2008 मधील पुनर्विकासानंतर काठाने फिरणारी छोटी रेल्वे, नौकाविहार, बालवाटिका आणि खाद्यपदार्थांची दुकाने या सोयी आहेत. डिसेंबरअखेरीस कांकरिया कार्निव्हल भरतो.