नंबर राहतो कुठे?

आमच्या शाळेच्या नोंदवहीत पालकांच्या फोन नंबरचा एक रकाना आहे. वर्षअखेरीस तो पाहण्यासारखा होतो. एक नंबर खोडलेला, त्याच्यावर दुसरा, तोही खोडून शेजारी तिसरा. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीच्या शिष्यवृत्तीच्या कागदपत्रांचा निरोप खोडायच्या राहून गेलेल्या नंबरवर गेला. तो नंबर तोवर भलत्याच गावातल्या माणसाला मिळाला होता. मुलीच्या वडिलांनी स्वस्त पडते म्हणून कंपनी बदलली होती, नवे कार्ड घेतले होते आणि शाळेला कळवायचे राहून गेले होते. आम्हांला हे कळेपर्यंत मुदत संपली होती.

ही हकिगत वर्गात निघाली तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, नंबर फोनमध्ये असतो की कार्डात? कंपनी बदलली की तो जातो कुठे?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना मी अडखळलो. नंतर शोधत गेलो तेव्हा लक्षात आले, की हा प्रश्न जितका विज्ञानाचा तितकाच इतिहासाचा आहे. गेल्या सुमारे दीडशे वर्षांत नंबरने अनेकदा घर बदलले आहे.

नावाऐवजी आकडा

बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले १८७६ मध्ये. सुरुवातीच्या टेलिफोन केंद्रांत नंबर नव्हतेच. ग्राहक फोन उचलून "मला अमक्या दुकानाशी जोडून द्या" असे सांगे आणि केंद्रातला माणूस समोरच्या फळीवर त्या दुकानाची तार शोधून जोडणी करून देई. सगळी नावे त्याला पाठ असत.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉवेल नावाचे गाव आहे. १८७९ मध्ये तिथे गोवराची साथ आली. गावातले डॉक्टर मोझेस ग्रीली पार्कर यांना काळजी वाटली, की केंद्रातले चारही चालक एकदम आजारी पडले तर काय होईल? नव्या माणसांना दोनशेहून अधिक ग्राहकांची नावे आणि जागा माहीत असणार नाहीत. त्यांनी सुचवले, की प्रत्येक ग्राहकाला एक आकडा द्यावा, म्हणजे नवखा माणूसही काम करू शकेल. टेलिफोन नंबरचा जन्म असा एका साथीच्या भीतीतून झाला, असे सांगतात.

तेव्हा नंबर राहत होता केंद्रातल्या फळीवर. तारेच्या टोकाला, एका भोकाशेजारी लिहिलेला. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८८२ मध्ये टेलिफोन केंद्रे सुरू झाली, तीही अशीच हाताने जोडणी करणारी.

आकडा म्हणजे वाट

पुढचे पाऊल टाकले ते ॲल्मन स्ट्रोजर या माणसाने. तो अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे अंत्यविधीचे साहित्य व सेवा पुरवण्याचा धंदा करी. आपली गिऱ्हाइके चालक मुद्दाम दुसऱ्याकडे जोडून देतात अशी त्याला शंका होती, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. गोष्टीत तिखटमीठ किती ते सोडा, पण १८९१ मध्ये त्याला स्वयंचलित केंद्राचे पेटंट मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे असे पहिले केंद्र सुरू झाले.

या पद्धतीची युक्ती मुलांना सहज समजते. एका दांड्याभोवती अर्धवर्तुळात तारांची टोके मांडलेली, एकावर एक अशा दहा ओळींत आणि प्रत्येक ओळीत दहा. तुम्ही ४७ फिरवलेत, की दांडा चार पायऱ्या वर चढतो आणि मग सात घरे फिरतो. जिथे थांबतो ती तुमच्या मित्राची तार. म्हणजे नंबर हे आता नुसते नाव उरले नाही. नंबर हीच वाट झाली.

याचा परिणाम असा, की दुसऱ्या केंद्राच्या हद्दीत बिऱ्हाड हलवले की नंबर बदलणे भागच असे. वाटच बदलली, तर वाटेचे वर्णन तेच कसे राहणार?

फोन वेगळा, ओळख वेगळी

तारांच्या जागी रेडिओलहरी आल्या तेव्हा ही अडचण सुटायला हवी होती. पण सुरुवातीच्या बहुतेक मोबाइल यंत्रणांत ग्राहकाची ओळख फोनच्या यंत्रातच भरलेली असे. फोन बदलायचा तर दुकानात जाऊन नव्या यंत्रात ती पुन्हा भरून घ्यावी लागे. शिवाय अमेरिकेतल्या जुन्या पद्धतीत ही ओळख हवेतून उघडीच पाठवली जाई. ती पकडून कुणी दुसऱ्या फोनात भरली, की बिल मूळ मालकाच्या नावे!

यंत्र आणि ओळख वेगळी करण्याचा प्रयोग पश्चिम जर्मनीतील सी-नेट्झ या यंत्रणेत १९८५ पासून झाला. तिथे ग्राहकाचे कार्ड फोनमध्ये घालावे लागे. जीएसएम पद्धतीत हीच कल्पना सिमकार्ड म्हणून आली. १९९१ मध्ये म्युनिकच्या गीझेके उंट डेव्हरियंट कंपनीने फिनलंडच्या रेडिओलिंया कंपनीला पहिली तीनशे सिमकार्डे विकली. त्याच वर्षी १ जुलैला फिनलंडचे माजी पंतप्रधान हॅरी होल्केरी यांनी जीएसएमवरचा पहिला फोन केला. सुरुवातीचे सिम आजच्या बँककार्डाएवढे होते. आजचे सर्वांत लहान सुटे सिम १२.३ मिलिमीटर लांब आणि ८.८ मिलिमीटर रुंद आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. आपला दहा आकडी नंबर सिमकार्डात राहतो का? एका अर्थाने नाही. कार्डाची ओळख म्हणून असतो तो वेगळाच, १५ आकड्यांपर्यंतचा क्रमांक. भारतातल्या कार्डांत त्याची सुरुवात ४०४ किंवा ४०५ ने होते. कार्डात एक गुप्त किल्लीही असते. कंपनीचा संगणक कार्डाला एक वाटेल तो आकडा पाठवतो. कार्ड किल्ली वापरून त्याचे उत्तर काढते आणि फक्त उत्तर परत पाठवते. संगणकाजवळही तीच किल्ली असते. दोन्ही उत्तरे जुळली तर ओळख पटली. किल्ली स्वतः कधीच हवेतून जात नाही. अमक्या कार्डाचा नंबर अमुक, ही नोंद मात्र कंपनीच्या संगणकातल्या तक्त्यात असते. नंबर राहतो तो या तक्त्यात!

कंपनीपासून सुटका

भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना तो केला. त्या काळात आलेला कॉल घ्यायलाही पैसे पडत. ते २००३ मध्ये थांबले.

सिममुळे फोन बदलणे सोपे झाले होते. कार्ड काढा, नव्या फोनमध्ये घाला. पण कंपनी बदलणे अवघडच राहिले. नंबरचे पहिले काही आकडे पाहून कंपनी आणि परिमंडळ ओळखता येई. म्हणजे स्ट्रोजरच्या काळासारखी नंबरमध्ये पुन्हा वाट दडलेली होती. कंपनी सोडली की नंबर सोडावा लागे. ज्या सुताराने किंवा रिक्षावाल्याने आपला नंबर पाटीवर रंगवून घेतला होता, त्याला सेवा वाईट असली तरी ती सोडणे परवडत नसे. ग्राहक समाधानी होता म्हणून नव्हे, तर नंबरने बांधला होता म्हणून टिकत होता.

१९९७ मध्ये सिंगापूरने नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय प्रथम दिली. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००६ मध्ये तशी शिफारस केली, २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात सुरुवात झाली आणि २० जानेवारी २०११ पासून ती देशभर लागू झाली. परिमंडळाबाहेर जातानाही तोच नंबर ठेवण्याची मुभा जुलै २०१५ मध्ये मिळाली. आरंभी यासाठी जास्तीत जास्त १९ रुपये आकार ठरवला होता.

हे घडते कसे? १९०० या क्रमांकावर संदेश पाठवला की आठ अक्षर-अंकांचा एक संकेत मिळतो. तो नव्या कंपनीला द्यायचा. सर्व कंपन्यांच्या मध्ये नोंदी ठेवणारी एक स्वतंत्र यंत्रणा असते. ठरलेल्या वेळी जुनी कंपनी आपले कार्ड बंद करते, नवी कंपनी आपले सुरू करते आणि मधल्या यंत्रणेच्या तक्त्यात 'हा नंबर आता अमक्या कंपनीकडे' अशी नोंद होते. कार्ड नवे, त्यातला क्रमांक नवा, किल्ली नवी. फक्त दहा आकडे जुने. आता कॉल पाठवण्यापूर्वी नंबरच्या पहिल्या आकड्यांवर भिस्त ठेवून चालत नाही. आधी तक्ता पाहावा लागतो, मग वाट ठरते.

प्रत्येक सुटकेबरोबर नवी जोखीमही येते. नंबर टिकाऊ झाला, म्हणून बँकेपासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळे त्याला जोडले गेले. मग दुसऱ्याच्या नंबरचे कार्ड लबाडीने मिळवण्याचे प्रकार सुरू झाले. म्हणून १ जुलै २०२४ पासून असा नियम आहे, की कार्ड बदलून घेतल्यावर सात दिवस कंपनी बदलण्याचा संकेत मिळत नाही.

वर्गात करून पाहा

प्रत्येक बाकाला क्रमांक द्या. मुलांना 'बाक ५' अशा पत्त्यावर चिठ्ठ्या पाठवू द्या. मग काही मुलांच्या जागा बदला. चिठ्ठ्या भलत्याकडे जातील. हे स्ट्रोजरचे केंद्र. आता चिठ्ठीवर हजेरी क्रमांक लिहायला सांगा आणि कोण कुठे बसले आहे याचा तक्ता फळ्यावर मांडा. जागा बदलली की तक्ता बदलायचा. चिठ्ठी बरोबर पोचेल. शेवटी एका मुलाची जागा बदला, पण तक्ता बदलू नका आणि काय होते ते मुलांनाच सांगू द्या.

आमच्या वर्गात हा खेळ झाल्यावर मुलांनीच एक ठराव केला. आता दर सहामाहीला दोन मुले नोंदवही घेऊन बसतात आणि प्रत्येक पालकाचा नंबर विचारून ताडून पाहतात. बहुतेक पालक आता कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवतात. तरीही दर वेळी दोन-चार नंबर बदललेले निघतातच. शिष्यवृत्ती हुकलेल्या मुलीचे नाव त्या यादीत नाही, ती केव्हाच हायस्कूलला गेली. पण तक्ता ठेवणाऱ्या दोघांत या वर्षी तिची धाकटी बहीण आहे.