वेगाची कसोटी आणि वाटेची कसोटी

श्रोतेहो, टांग्यांच्या काळात घोड्यांचे दोन वर्ग कोणालाही सहज ओळखू येत. एक शर्यतीचा घोडा, दुसरा टांग्याचा. पहिल्याला वेगळा खुराक, वेगळा मोतद्दार आणि मैदानापर्यंत जपून नेण्याची वेगळी तजवीज. दुसऱ्याला मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत जो रस्ता समोर येईल तो तुडवायचा. परंतु समजा, एखाद्या टांगेवाल्याने प्रौढी मिरविली की, 'माझा घोडा रोज सवाऱ्या वाहतो आणि शर्यतीतही कोणाला हार जात नाही.' ही प्रौढी खरी की पोकळ, हे ठरवावे कसे? वादाने ते ठरणार नाही. त्या घोड्याला सकाळी शर्यतीत पळवावे, दुपारी टांग्याला जुंपून दूरच्या गावी धाडावे, दुसऱ्या सकाळी तेथील मैदानात पुन्हा पळवावे आणि असा क्रम पाच दिवस चालवावा. मग प्रौढीचे जे व्हायचे ते आपोआप होईल.

मोटारींच्या जगात नेमकी हीच परीक्षा २००५ साली अमेरिकेत सुरू झाली. 'हॉट रॉड' या मासिकाने ती भरविली आणि तिला 'ड्रॅग वीक' असे नाव दिले. वरवर पाहता ही हौशी लोकांची करमणूक आहे. परंतु तिचे नियम बारकाईने वाचले म्हणजे ध्यानात येते की, त्यांतील एकेका कलमामागे शंभर वर्षांचा एकेक जुना तंटा उभा आहे. आज त्या नियमांचा इतिहास पाहावयाचा आहे.

मोटारीच्या पहिल्या सार्वजनिक परीक्षेपासूनच 'जो आधी पोचला तो जिंकला' हे सूत्र अपुरे ठरले होते. २२ जुलै १८९४ रोजी 'ल पती जुर्नाल' या फ्रेंच वृत्तपत्राने पॅरिस ते रुआँ अशी १२६ किलोमीटरांची चाचणी घेतली. घोड्याविना चालणारी गाडी निर्धोक असावी, हाकावयास सोपी असावी आणि प्रवासात फार खर्चाची नसावी, अशी तिची अट होती. काउंट द दियाँ यांची वाफेची गाडी रुआँला सर्वांआधी पोचली. पण पहिले बक्षीस तिला मिळाले नाही. तिच्या भट्टीत कोळसा घालावयास निराळा माणूस लागत असे, आणि हे अटीत बसणारे नव्हते. पहिले बक्षीस पेजो आणि पानार-लव्हासोर या दोन कारखान्यांत विभागले गेले. वेग हा एक गुण आहे, सर्व गुण नव्हे, हा निवाडा मोटारीच्या बाल्यावस्थेतच झाला तो असा.

सहा वर्षांनी इंग्लंडात याहून मोठा प्रयोग झाला. १९०० सालच्या २३ एप्रिलपासून १२ मेपर्यंत तेथील ऑटोमोबाइल क्लबने लंडनहून एडिंबरोपर्यंत आणि परत अशी हजार मैलांची चाचणी योजली. पासष्ट गाड्या निघाल्या. त्या काळी इंग्लंडात मोटारीस ताशी बारा मैलांची कायदेशीर मर्यादा होती. ती मोडून कोणी पुढे गेला तर त्यात भूषण कसले? तेव्हा योजकांनी परीक्षेचे दोन भाग केले. सार्वजनिक रस्त्यावर कायदा पाळावयाचा, गाडी किती वेळा थांबली हे पाहावयाचे, चढण तिला झेपते की नाही हे तपासावयाचे. आणि वेगाची परीक्षा मात्र वेलबेक येथे ड्यूक ऑफ पोर्टलंड यांच्या खासगी मालकीच्या रस्त्यावर घ्यावयाची. तेथे सी. एस. रोल्स यांची बारा अश्वशक्तीची पानार सर्वांत वेगवान ठरली. पुढे रोल्स-रॉइस या नावातून जगाला ठाऊक झालेले रोल्स ते हेच. रस्त्यावर टिकाऊपणा आणि बंदिस्त जागेत वेग, ही फाळणी येथे प्रथम स्पष्टपणे दिसते.

ही फाळणी किती शहाणपणाची होती ते तीनच वर्षांनी रक्ताने सिद्ध झाले. २४ मे १९०३ रोजी पॅरिस ते माद्रिद ही उघड्या रस्त्यावरील शर्यत सुरू झाली. दुतर्फा माणसांची दाटी, धुळीचे लोट आणि त्यांतून बेफाम धावणाऱ्या गाड्या! मार्सेल रनो यांच्यासह कित्येक स्पर्धक आणि प्रेक्षक प्राणांस मुकले. शर्यत बोर्दो येथेच बंद पाडण्यात आली आणि गाड्या घोड्यांकडून ओढवून आगगाडीच्या स्थानकावर नेण्यात आल्या. त्या दिवसापासून प्रत्येक नियमकर्त्यापुढे एक प्रश्न कायमचा उभा राहिला: रस्त्यावरून स्पर्धा न्यावयाची, पण रस्त्यावर स्पर्धा होऊ द्यावयाची नाही, हे साधावे कसे?

दुसरा प्रश्न चातुर्याचा होता. जर्मनीत १९०८ ते १९१० या काळात प्रिन्स हाइनरिख यांच्या नावाने प्रवासी गाड्यांच्या अनेक दिवसांच्या फेऱ्या होत. गाडी चार माणसांना बसता येईल अशी, खरीखुरी प्रवासाची असावी, असा नियमाचा हेतू. परंतु मधल्या सरळ टप्प्यांवर वेगाला महत्त्व होते. मग कारखानदारांनी नियमाचे शब्द पाळले आणि हेतू बाजूस सारला. बैठका ठेवल्या, पण भोवतीचा सांगाडा हलका व वारा कापणारा केला. १९१० साली फर्डिनांड पोर्श यांनी बनविलेल्या ऑस्ट्रो-डाइमलर गाड्यांनी पहिले तीन क्रमांक पटकाविले. गाडी उत्तम होती यात शंका नाही. परंतु सामान्य प्रवाशाची ती राहिली नव्हती. नियम जितका नेमका, तितकी त्यातील फट शोधणारी बुद्धीही नेमकी, हा धडा त्या फेऱ्यांनी घालून दिला.

आता अटलांटिक ओलांडून कॅलिफोर्नियात जाऊ. तेथे म्युरॉक आणि एल मिराज अशी कोरड्या सरोवरांची विस्तीर्ण, सपाट मैदाने आहेत. १९३० नंतरच्या दशकात तेथील तरुण जुन्या फोर्ड गाड्या विकत घेऊन त्यांची इंजिने स्वतःच्या हाताने सुधारीत. गाडी एकच असे. तिच्यावरूनच कामाला जावयाचे. सुटीच्या दिवशी तीच हाकीत सरोवरावर न्यावयाची, चिखलपाखे आणि दिवे काढून ठेवावयाचे, वेग मोजून घ्यावयाचा, मग काढलेले भाग पुन्हा बसवून संध्याकाळी घरी परतावयाचे. 'हॉट रॉड' ती हीच. १९३७ साली या मंडळींची संघटना झाली.

महायुद्धानंतर या छंदाने शहरांच्या रस्त्यांवर धोकादायक रूप घेतले. तो मैदानात आणण्यासाठी १९५० साली सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये 'हॉट रॉड'चे संपादक वॉली पार्क्स यांनी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापन केली. दोन गाड्या शेजारी उभ्या करावयाच्या, उभ्या स्थितीतून सोडावयाच्या आणि पाव मैल, म्हणजे १३२० फूट, कोण आधी कापतो ते पाहावयाचे, हे ड्रॅग शर्यतीचे स्वरूप स्थिर झाले. १९५५ साली कॅन्सास राज्यात ग्रेट बेंड येथे तिचा पहिला राष्ट्रीय मेळावा भरला.

या शिस्तीने पुष्कळ जीव वाचविले. पण तिचा एक अनपेक्षित परिणामही झाला. शर्यतीची गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांची ताटातूट झाली. पाव मैलाच्या गाडीला काही सेकंदच धावावयाचे असते. तिला पाणी थंड ठेवण्याची फारशी फिकीर नाही. काही इंजिनांत तर पाण्याच्या पोकळ्या सिमेंटसारख्या द्रव्याने भरून टाकतात, कारण त्याने ते बळकट होते. तिची चाके रुंद व मऊ, गिअरची योजना क्षणार्धात उसळी घेण्यापुरती. अशी गाडी दुसऱ्या मोठ्या वाहनावर चढवून मैदानात आणतात आणि तशीच परत नेतात. ज्या छंदाचा जन्म एकाच गाडीच्या दुहेरी जीवनातून झाला, त्याचेच दोन तुकडे झाले.

तरीही जुना अभिमान मेला नाही. 'माझी गाडी रस्त्यावरचीच आहे' हे वाक्य ऐकू येतच राहिले, आणि त्याचा अर्थ मात्र दरवर्षी पातळ होत गेला. नंबरपाटी लावली, दिवे बसविले, की झाली रस्त्यावरची गाडी! ती रस्त्यावर शेवटची कधी धावली, हे कोण विचारणार? या शब्दच्छलाला उत्तर म्हणून २००५ सालचे नियम जन्मास आले.

नियम थोडक्यात असे. स्पर्धा पाच दिवसांची. गाडी कायदेशीरपणे नोंदलेली, विमा उतरलेली. पुढचे-मागचे दिवे, वळणदर्शक आणि भोंगा चालू असलेली. दररोज ड्रॅग शर्यतीच्या मैदानात पाव मैलाच्या धावा काढावयाच्या आणि त्यांतील एका धावेची छापील वेळचिठ्ठी परीक्षकांकडे सोपवावयाची. चिठ्ठी दिली की त्या दिवसाची वेळ ठरली. त्यानंतर तीच गाडी स्वतःच्या इंजिनावर, नेमून दिलेल्या रस्त्याने, पुढील मैदानापर्यंत न्यावयाची. आठवड्याचा प्रवास सुमारे हजार मैलांचा. वाटेत ठरलेल्या ठिकाणी थांबून गाडीचे छायाचित्र घ्यावयाचे, म्हणजे कोणी आडवाटेने गेला नाही याचा पुरावा राहतो. पाचही दिवसांच्या वेळांची सरासरी काढून निकाल लावावयाचा.

यांतील सरासरीचे कलम विशेष विचार करण्याजोगे आहे. कल्पनेने एक हिशेब मांडू. एका गाडीने चार दिवस आठ-आठ सेकंदांत धाव काढली आणि पाचव्या दिवशी इंजिन अर्धमेले होऊन तिला अठरा सेकंद लागले. तिची सरासरी दहा सेकंद. दुसरी गाडी पाचही दिवस नऊ सेकंदांत धावली. तिची सरासरी नऊ. चार दिवस मागे राहिलेली गाडी जिंकली! आणि एखाद्या दिवशी चिठ्ठीच देता आली नाही, तर निकालातून नावच गेले. म्हणून जाणता स्पर्धक पहिल्या दिवशी सर्व शक्ती उधळीत नाही. उद्या आहे, परवा आहे, हे भान हा नियम शिकवितो.

पॅरिस-माद्रिदचा प्रश्नही येथे किती साधेपणाने सुटला आहे पाहा. मधल्या प्रवासाची वेळ मोजलीच जात नाही. सकाळी ठरलेल्या वेळेत मैदानात हजर असले म्हणजे पुरे. लवकर पोचणाऱ्यास एकही गुण अधिक नाही. जेथे घाईचा लाभ नाही, तेथे घाईचा मोहही उरत नाही. केवळ बंदीने जे साधत नाही, ते हिशेबातून लोभ काढून टाकल्याने साधते.

तिसरे कलम सर्वांत कठोर वाटते. स्पर्धकाच्या मागे त्याची मदतीची गाडी येता कामा नये. हत्यारे, सुटे भाग, शर्यतीची चाके, जे काही लागेल ते त्याच गाडीत, किंवा तिनेच ओढावयाच्या लहानशा जोडगाडीत भरावयाचे. शेकडो अश्वशक्तीची, कानठळ्या बसविणारी ती गाडी मागे सामानाची पेटी ओढीत गावागावांतून जाऊ लागली की पाहणाऱ्यांस हसू येते. परंतु या कलमाचे फळ योजकांच्या अपेक्षेहूनही गोड निघाले. रस्त्याच्या कडेला गाडी बंद पडली की स्वतःचे कारागीर जवळ नसतात. जवळून जाणारा असतो तो प्रतिस्पर्धी. तो थांबतो, आपल्या पेटीतील भाग काढून देतो, प्रसंगी रात्रभर विजेरी धरून बसतो आणि दुसऱ्या सकाळी त्याच्याच शेजारच्या मार्गिकेत शर्यतीस उभा राहतो. मदत करण्याची सक्ती कोठेही लिहिलेली नाही. मदतीची खासगी सोय काढून घेतली, एवढेच केले. शेजारधर्म आपोआप परत आला.

मग सर्व वाद मिटले काय? नाही. १२ सप्टेंबर २०१४ रोजी तुल्सा येथे लॅरी लार्सन यांनी आपल्या शेव्हरोले एस-१० गाडीने पाव मैल ५.९५ सेकंदांत कापला. शेवटी वेग होता ताशी २४४ मैल. मधल्या शेकडो मैलांचा प्रवास त्याच गाडीने केलेला. तेव्हा जुनी कुरकुर पुन्हा ऐकू आली: बाजारातील कोणत्याही गाडीशी जिचे फारसे नाते उरले नाही, तिला रस्त्यावरची गाडी म्हणावे काय? प्रिन्स हाइनरिखच्या फेऱ्यांत ऐकू आलेली शंका ती हीच. परंतु एक भेद विसरता येणार नाही. तेथे गाडी कशी दिसावी हे नियमांनी सांगितले होते; येथे ती काय करून दाखविते हे पाहिले जाते. आकाराची नक्कल करता येते, हजार मैलांची नक्कल करता येत नाही. या पद्धतीचा प्रसारही झाला. याच स्पर्धेत पूर्वी विजयी झालेले टॉम बेली यांनी २०२२ साली 'सिक वीक' ही स्वतंत्र स्पर्धा सुरू केली, आणि ऑस्ट्रेलियातही अशा स्पर्धा भरल्या.

श्रोतेहो, नियम म्हटले की आपल्याला अडसर आठवतो. परंतु चांगला नियम हा अडसर नसतो, तो एक नीट विचारलेला प्रश्न असतो. 'तुमची गाडी रस्त्यावरची आहे काय?' असे विचारले तर सारेच होय म्हणतील. 'मग उद्या सकाळी दोनशे मैलांवर भेटू,' असे म्हटले की खरे कोण ते कळते. कॅलिफोर्नियातील तो तरुण सरोवरावरून संध्याकाळी ज्या गाडीने घरी परतत होता, तिला कोणतेही प्रमाणपत्र लागत नव्हते. घरी पोचणे हेच तिचे प्रमाणपत्र होते. या पाच दिवसांच्या परीक्षेने, शंभर वर्षांचे तंटे ओलांडून, तेच प्रमाणपत्र पुन्हा चलनात आणले आहे.